तेलाचा दिवा

आमच्या घरात दिवे लावायचा मक्ता माझ्याकडे होता. सहावीत भूगोलात नापास झालो तेव्हा बाबा म्हणाले, "वा, काय दिवे लावलेत." बारावीनंतर हवं ते कॉलेज दोन मार्कांनी हुकलं तेव्हाही तेच. पहिली नोकरी सोडली, दिवे. घोडबंदर रोडला तेविसाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि त्यांना दाखवायला नेलं, तर गॅलरीतून खालचा ट्रॅफिक बघत म्हणाले, "इथून ऑफिसला पोचणार कधी? दिवे लावलेस." आवाज कधी चढला नाही. जेवताना मीठ मागावं तसं म्हणायचे आणि पुढचा घास घ्यायचे.

त्यांची नोकरीच तशी होती. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात प्रेशरचे मीटर बनायचे आणि बाबा तिथे तपासनीस होते. काट्यात केसाएवढा फरक दिसला की काचेवर लाल रंगाचं एक टिंब द्यायचं आणि मीटर बाजूला ठेवायचा. टिंब पडलं की विषय संपला. त्यांचं टिंब पुसायची मॅनेजरचीही छाती नव्हती, असं ते सांगायचे आणि मला ते खरं वाटतं. माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करण्याआधी कोपऱ्यात लाल पेन्सिलीचं एक टिंब असायचं. आईच्या चकल्यांवर टिंब देता येत नाही म्हणून नजरेनं द्यायचे.

हे मी कुणाला माझी दया यावी म्हणून सांगत नाही. पुढे मी जे केलं त्याच्यापुढे ही लाल टिंबं म्हणजे हळदीकुंकू होतं.

बाबांची गाडी एकवीस वर्षांची होती. छोटी, पांढरी, आणि आतून अजून दुकानातून आणल्यासारखी. ते दोघं डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला राहतात. दुसरा मजला, लिफ्ट नाही. आईचे दोन्ही गुडघे गेलेले. स्टेशनचे जिने चढणं तिनं कधीच सोडलं होतं, रिक्षात चढायची पायरीही तिला उंच पडायची. पण गाडीचं दार उघडलं की आधी बसायचं आणि मग एकेक पाय आत घ्यायचा, हे तिला जमायचं. दर शनिवारी साडेचारला बाबा तिला धरून खाली उतरवायचे, पुढच्या सीटवर बसवायचे आणि माणकोलीच्या पुलावरून ठाण्याला तलावावर न्यायचे. गाडी लावायला जागा मिळेपर्यंत तलावाला दोन-तीन फेऱ्या व्हायच्या. आईला त्या फेऱ्याच जास्त आवडायच्या. मग गाडीत बसूनच भेळ, आणि दिवेलागणीला परत. आठवड्याचे सहा दिवस ती या सातव्या दिवसावर काढायची. हे मला माहीत होतं. नंतर कुणी म्हणायला नको की याला कल्पना नव्हती.

गाडीच्या मीटरमागचे उजेडाचे दिवे एकेक करून गेले. परत येताना अंधारू लागलं की काटा कुठे आहे ते दिसेना. बाबांचा फोन आला. "गॅरेजवाले डॅशबोर्ड उचकटतात आणि मग तो जन्मभर कुरकुरतो. तू येऊन बघ." त्यांनी मला काही करायला बोलावण्याची ही माझ्या आठवणीतली पहिलीच वेळ. मी मोबाइलवर दोन व्हिडिओ बघितले, येताना डोंबिवलीतल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून तीन छोटे बल्ब घेतले आणि रविवारी दुपारी हजर झालो.

काम अवघड नव्हतं. मीटरभोवतीची काळी चौकट चार स्क्रूंवर असते. ती काढली, मीटर थोडा पुढे ओढला, हात मागे घालून केबल सोडवली. एकवीस वर्षांची धूळ मांडीवर सांडली. मागच्या बाजूला प्लास्टिकच्या छोट्या वाट्यांत बल्ब बसवलेले होते. पाव फेरा फिरवला की वाटी हातात येते. उजेडाच्या चार बल्बांपैकी तीन आतून काळे पडले होते. बाबा दाराशी स्टीलची ताटली धरून उभे होते, स्क्रू ठेवायला. मी काढलेला प्रत्येक स्क्रू ते ताटलीत ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं मांडत होते.

"जोर लावू नकोस," ते म्हणाले.

"नाही लावत."

"लावतोयस."

मग आईनं वरून चहाला हाक मारली. ते वर गेले आणि मी जोर लावला. तिसरा बल्ब वाटीत दाबताना बोटांत फुटला.

मी काचा रुमालात गोळा केल्या. वय वर्षं चव्वेचाळीस, हाताखाली अकरा माणसं, आणि मी पार्किंगमध्ये बसून फुटक्या बल्बची काच खिशात लपवत होतो. दुकान रविवारी दुपारनंतर बंद. बाबांना सांगितलं असतं तर काय झालं असतं? काहीच नाही. ते एक वाक्य म्हणाले असते. पण ते वाक्य त्या दिवशी मला ऐकायचं नव्हतं.

मीटरच्या खालच्या कडेला लाल इशाऱ्याचे दिवे असतात, बॅटरीचा, हँडब्रेकचा, आणि इंजिनातलं तेल कमी पडलं तर लागणारा. बाबा त्याला तेलाचा दिवा म्हणायचे. त्याचा बल्ब नेमका त्याच मापाचा होता. मी तो काढला आणि उजेडासाठी वर बसवला. पुढच्या खेपेला नवा आणून मूळ जागी लावू, एका आठवड्यानं काय होतंय, असं मनाशी म्हटलं. बाबा चहा घेऊन येईपर्यंत मीटर जागेवर होता.

संध्याकाळी सातला त्यांनी गाडीत बसून दिवे लावले. सगळा मीटर मंद हिरवा उजळला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "दिवे लावलेस रे."

सरळ म्हणाले. त्यात खोच नव्हती. माझे कान गरम झाले. मला इतका आनंद झाला की त्याची आता लाज वाटते. घोडबंदरला पोचेपर्यंत मी ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणत होतो.

तीन दिवसांनी फोन. "किल्ली फिरवली की तेलाचा दिवा लागायला पाहिजे आणि इंजिन सुरू झालं की जायला पाहिजे. तो लागतच नाही." शेवटी तपासनीस. मी म्हटलं, शनिवारी येऊन बघतो. नवा बल्ब घेतला, शर्टाच्या खिशात टाकला. ते आईला आणायला वर जातील, त्या पाच मिनिटांत तो बसवायचा, असा बेत होता.

मी पोचलो तेव्हा दोघंही गाडीत बसलेले होते. मी दाराशी वाकलो. बाबांनी किल्ली अर्धी फिरवली. बॅटरीचा दिवा लाल, हँडब्रेकचा लाल, तेलाच्या जागी काळं.

"बघ," ते म्हणाले. "तू मीटर उघडण्याआधी लागत होता."

त्यांचा शोध शंभर टक्के बरोबर होता. त्यानंतर कुठलं वाक्य येणार तेही मला ठाऊक होतं. आणि गेल्या रविवारचं वाक्य, ते सरळ म्हटलेलं, त्याच्यावर आता टिंब पडणार होतं. मी म्हटलं, "लागलाय की, बाबा."

"कुठे?"

"हा काय. लाल. तुम्हाला दिसत नाहीये का?"

त्यांनी हाताचा आडोसा करून बघितलं. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. मग आईकडे वळून विचारलं, "तुला दिसतोय?"

आईनं मीटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अहो, लागलाय. चला आता, मग तलावावर जागा मिळत नाही."

"मला तर काळंच दिसतंय," बाबा हळूच म्हणाले.

हा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं इतकं बरं. बल्ब माझ्या खिशातच होता. तो मी बाहेर काढला नाही. "डोळे तपासून घ्या," म्हटलं, आणि गाडीच्या टपावर दोन थापा मारल्या.

ते डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण इतक्यात काही करायची गरज नाही. त्यातलं 'गरज नाही' बाबांनी ऐकलंच नाही. मोतीबिंदू तेवढा घेऊन घरी आले. मग त्यांनी त्यांच्या पद्धतीनं व्यवस्था लावली. तेलाच्या दिव्यावर लक्ष ठेवायला आईला नेमलं. आमच्या घरात दिव्याला 'विझला' म्हणत नाहीत, अशुभ असतं. समई असो, निरांजन असो, आई 'शांत झाला' म्हणते. त्यामुळे दर शनिवारी गाडीत असा संवाद चालायचा. बाबा किल्ली अर्धी फिरवून विचारायचे, "लागला?" आई म्हणायची, "लागला." मग इंजिन सुरू. "शांत झाला?" "झाला शांत." एकदा मी मागच्या सीटवर होतो. नसलेला दिवा लागला आणि शांत झाला, आणि मला हसू आवरेना. खोकल्याचं सोंग करून मी खिडकीबाहेर तोंड केलं.

एवढ्यावर मी थांबलो नाही. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला सगळे जमले होते, तेव्हा मी म्हटलं, "बाबांना आता लाल दिसत नाही. म्हणजे आता आपण सगळे पास." केवढे हसले सगळे. बाबाही हसले. हसून झाल्यावर समोरच्या ताटातल्या टोमॅटोच्या फोडीकडे बघत राहिले.

बल्ब माझ्या ऑफिसच्या बॅगेत होता, आतल्या चेनच्या कप्प्यात, पेनड्राइव्हशेजारी. दर शनिवारी आठवायचा. आता लावला तर त्यांना शंका येईल, हे एक कारण मी स्वतःला द्यायचो. दुसरं कारण असं की मला तो लावायचाच नव्हता. वडील कचरत बोलायला लागले होते. "तू बघून सांग," असं म्हणायला लागले होते. चाळीस वर्षांनी माझ्या हातात लाल पेन्सिल आली होती आणि ती मी खाली ठेवत नव्हतो.

गणपती झाले. रस्त्यांवर त्या दिवसांत जे खड्डे असतात ते होते. त्या शनिवारी मोठागावच्या बाजूला गाडी एका खड्ड्यात खालून जोरात आपटली. बाबांनी थांबून दोन्ही बाजूंनी टायर बघितले, टायर ठीक होते, पुढे निघाले. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर तडकलं होतं आणि रस्ताभर तेल सांडत होतं. तो दिवा अशाच वेळेसाठी असतो. तो लागतो, माणूस गाडी बाजूला घेतो, इंजिन वाचतं. पुलाच्या चढाला बाबांनी आईला विचारलं, "काही लाल?" आई म्हणाली, "नाही." पुलाच्या मधोमध इंजिन खडखडलं आणि जागच्या जागी जाम झालं.

मला घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून तिथे पोचायला पावणेदोन तास लागले. बाबा गाडीच्या मागे उभे राहून येणाऱ्या गाड्यांना हातरुमाल दाखवत होते. ट्रक शेजारून गेला की सगळा पूल हलायचा. आई पुढच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली होती. तिला उतरता येत नव्हतं, उतरून उभं राहता येत नव्हतं. मी वाकल्यावर तिनं माझ्या कानात सांगितलं की तिला तासाभरापासून बाथरूमला जायचंय आणि आता तिच्या हातात काही राहिलेलं नाही. सीट ओली होती. मी माझं जॅकेट तिच्याभोवती गुंडाळलं. बाबांनी ते पाहिलं आणि तोंड नदीकडे फिरवलं.

गाडी ओढून बिल्डिंगखाली आणली. मी रात्री तिथेच राहिलो. सकाळी दहाला मेकॅनिक येणार होता. साडेआठला, गाडीचे कागद काढतो असं सांगून मी किल्ली घेऊन खाली गेलो. चार स्क्रू, चौकट, केबल. सोबत आणलेल्या बॅगेतला बल्ब तेलाच्या दिव्याच्या जागी बसवला, मीटर परत लावला. दहा मिनिटं लागली. या वेळी जोर लावला नाही आणि बल्ब फुटला नाही.

मेकॅनिकनं गाडीखाली डोकं घातलं आणि बाहेर काढलं. "काका, चेंबर फुटलंय, ऑइल सगळं गेलं. इंजिन सीझ. लाइट नाय लागली काय?"

"लागला असेल," बाबा म्हणाले. "मला दिसत नाही."

मेकॅनिकनं आत बसून किल्ली फिरवली. "लाइट तर मस्त लागतेय. ही काय."

बाबा वाकले. नव्या बल्बचा तो लाल ठिपका त्यांच्या चष्म्याच्या काचेत मला दिसत होता. ते खूप वेळ बघत राहिले. "आज दिसतोय," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं.

सांगायची ती वेळ होती. मी म्हटलं, "मोतीबिंदूत असंच होतं, बाबा. एखाद दिवशी दिसतं, एखाद दिवशी नाही." हे मी कुठेही वाचलं नव्हतं. तिथे उभ्या उभ्या रचलं.

त्यांनी मान हलवली. किल्ल्या मेकॅनिककडून घेतल्या, त्यातली घराच्या दाराची वेगळी केली, नीट बघून खिशात ठेवली आणि गाडीची माझ्या हातात दिली. "म्हणजे शेवटी मीच दिवे लावले," ते म्हणाले.

गाडी भंगारात गेली. आईसाठी मी मोबाइलवरून दोनदा टॅक्सी बोलावून दिली. पहिला ड्रायव्हर तलावाला फेऱ्या मारायला तयार नव्हता. दुसरा तिला पाय आत घेईपर्यंत दोनदा हॉर्न वाजवत होता. तिसऱ्यांदा तिनं नको म्हटलं. मी नेईन म्हटलं होतं, नेलं एकदा. शनिवारी मला कामं असतात. आता साडेचारला ती गॅलरीत खुर्ची ओढून बसते आणि खाली जिथे गाडी उभी असायची तिथे लावलेल्या स्कूटर बघते.

बाबा आता माझ्याबरोबर कुठे आले की रस्ता ओलांडताना माझी बाही धरतात. मागच्या महिन्यात तीन हात नाक्याला उभे होतो. समोर सिग्नल लालभडक होता. "लाल आहे ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्हाला काय दिसतंय? म्हणाले, "लाल. पण तू सांग."

हे सगळं मी कधीतरी सांगून टाकणार होतो. निदान आईला आधी सांगावं, मग ती त्यांना सांगेल, असं ठरवून गेल्या रविवारी कोपरला गेलो. बाबा दूध आणायला खाली गेले होते. आई शेंगा सोलत होती. मी समोर बसलो. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "तुला एक सांगायचंय. रागावू नकोस."

"काय?"

"तो तेलाचा दिवा. मला कधीच दिसला नाही रे. शेजारचे दोन दिसायचे, तो नाही. त्या दिवशी तू लागलाय म्हणालास, मी खरं बोलले असते तर तुमची दोघांची जुंपली असती आणि तलावावर जायचं राहिलं असतं. म्हणून हो म्हटलं. मग दर वेळी तेच म्हणत राहिले." ती सोललेल्या शेंगांतून परत हात फिरवत होती. "पुलावरही त्यांनी विचारलं होतं. मला दिसत नाही असं आधीच सांगितलं असतं, तर त्यांनी दुसरं काहीतरी केलं असतं. त्यांची गाडी माझ्यामुळे गेली. जिवाला खातं बघ."

मी एक शेंग उचलली आणि सोलायला घेतली.

"ह्यांना सांगू नकोस," ती म्हणाली. "त्यांचा माझ्यावर फार भरवसा आहे."

जिन्यात बाबांची चप्पल वाजली. ते एकेक पायरी मोजत चढतात हल्ली. मी म्हटलं, "नाही सांगणार, आई."

तिनं शेंगांनी मळलेला हात माझ्या गालावरून फिरवला. "गुणाचा आहेस," म्हणाली.